नाके उठल्यानंतर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे सारे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. साहित्यावर वा संगीतावर बोलावे असा आमचा अधिकार नाही. तेव्हा चिटणीसांनीच तोड काढली. म्हणाले, "आपण कन्येकडे पोलंडला जाऊन आलात ना, त्यावर बोला." प्रवासवर्णन सांगण्याची हौस आम्हांस नाही, पण त्या प्रवासात पाहिलेली एक गोष्ट गेले वर्षभर मनात घर करून राहिली आहे. तिचा धागा धरून आज आपल्याच घरातील काही गोष्टी सांगाव्यात, असा मानस आहे.

जामातांनी एके दिवशी आम्हां उभयतांस मोटारीने टाट्रा पर्वताच्या बाजूला नेले. पोलंड मागे पडून स्लोव्हाकिया केव्हा लागला ते आम्हांस कळलेही नाही. रस्त्याच्या कडेला एक मोठी छपरी दिसली. तिच्याखाली काचेच्या चार-पाच खोल्या, आत धूळ, एका खोलीत उलटी ठेवलेली खुर्ची. जामात म्हणाले, "हा जुना सरहद्दीचा नाका. २००७ च्या डिसेंबरपासून येथे कोणी थांबत नाही." दोन देशांच्या सीमेवर माणसाला कोणी नाव विचारीत नाही, पिशवी उघडायला सांगत नाही, याचे आम्हांस जे वाटले ते नवल नव्हे, तो एक जुना राग होता, आणि तो पोलंडवर नव्हता. त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहताना आम्हांस १९८१ सालचा एक जकात नाका आठवला.

त्या वर्षी आमच्या धाकट्या भगिनीचा विवाह ठरला होता. आम्ही मद्रासेहून मुंबई मेलने सोलापूरपर्यंत आणि पुढे एस.टी.ने गावी निघालो. बरोबर मातोश्री होत्या. सामानात आठ कांजीवरम साड्या आणि पितळी समयांची एक जोडी. गावाच्या वेशीवर नगरपालिकेचा नाका. गाडी थांबली, कारकून वर आला, आणि आमची ट्रंक उघडली गेली. साड्या नव्या कोऱ्या, घडी न मोडलेल्या. म्हणजे विक्रीच्या, असा त्याचा सरळ हिशेब. लग्नपत्रिका दाखवली. तो म्हणाला, पत्रिका कोणीही छापून घेतो. मातोश्रींनी काही न बोलता वरची एक साडी उचलली, घडी मोडली आणि अंगावर पांघरली. "ही आता नवी राहिली नाही," त्या म्हणाल्या, "उरलेल्या सातांची पावती फाड." गाडीत हशा पिकला, तरी पावती फाडली गेलीच. समयांवर मात्र त्याने दया केली. त्यांत तेलाचा वास आहे, हे मातोश्रींचे म्हणणे त्याने मानले. वस्तुतः तो वास त्यांनी निघण्यापूर्वी स्वतःच लावून ठेवला होता.

या कथेत आम्हांस तेव्हाही बोचलेली गोष्ट अशी : मद्रासेहून त्या गावापर्यंत तीन राज्ये ओलांडून येताना आम्हांस कोणी विचारले नाही, तुम्ही कोण, का आलात, किती दिवस राहणार. माणूस मोकळा होता. अडली ती साडी.

आता पोलंडकडे वळू. त्या देशाची हकीकत आपणांपैकी अनेकांस वर्तमानपत्रांतून ठाऊक असेल. महायुद्धानंतर चार दशके तेथे साम्यवादी राजवट होती. काय पिकवावे, किती विणावे, काय भावाने विकावे, हे सारे सरकार ठरवी. १९८१ पासून मांसदेखील शिधापत्रिकेवर मिळू लागले. १९८९ साली राजवट पालटली आणि १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांनी एका दिवसात बहुतेक भावांवरील बंधने उठवली. औषध जालीम होते. त्या एका महिन्यात किमती जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी चढल्या. जेथे बेकारी हा शब्द कागदावर नव्हता तेथे १९९३ पर्यंत शंभरातील सोळा कामकरी बेकार झाले. ज्या ग्दान्स्कच्या गोदीतून कामगारांनी राजवटीला आव्हान दिले, ती गोदीच १९९६ साली दिवाळखोरीत गेली. आणि तरीही तो देश उभा राहिला, आणि १ मे २००४ रोजी युरोपीय संघाच्या सामाईक बाजारपेठेत दाखल झाला.

येथे एक बारकावा आहे, आणि तो आमच्या विषयाचा कणा आहे. त्या दिवसापासून पोलंडचा माल सर्व संघात मोकळा झाला. पण पोलंडचा माणूस मात्र झाला नाही. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी पोलिश कामगारांस लगेच दार उघडले. शेजारच्या जर्मनीने आणि ऑस्ट्रियाने सात वर्षे लोटून, १ मे २०११ रोजी उघडले. सफरचंद सीमा ओलांडी. ते तोडणारा हात परवान्यासाठी थांबे. म्हणजे आमच्या कांजीवरमची कथा नेमकी उलटी.

(जाता जाता सांगावेसे वाटते की, पोलिश माणसासाठी एकदा आपल्या महाराष्ट्राने दार उघडले होते. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळीवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य होती. तेथे त्यांनी शाळा चालविल्या, प्रार्थनामंदिर उभारले. कोल्हापूरकडील मंडळींनी हे आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल.)

आपण साम्यवादी कधीच नव्हतो, हे खरे. आपल्याकडे निवडणुका होत्या, खासगी कारखाने होते, बाजार होता. परंतु १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानंतर कारखाना काढण्यास, वाढवण्यास, नवा माल बनविण्यास परवाना लागू लागला. आणि या धोरणाला नाव मिळाले ते दिल्लीत नव्हे. आपल्या या शहराच्या उशाशी मिळाले. जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन आवडी येथे भरले. ढेबरभाई अध्यक्ष होते, कामराज मुख्यमंत्री. समाजवादी धर्तीची समाजरचना हे ध्येय तेथे ठरावाने स्वीकारले गेले. मराठी कानाला ते गावाचे नाव गोड लागते. पण ज्यांनी फटफटीसाठी, फोनसाठी, सिमेंटच्या पोत्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावला, त्यांना आवडीचा ठराव फारसा आवडला असेल असे नाही. पुण्याच्या आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी आम्ही येथे मद्रासेत पैसे भरले तेव्हा आमचे लग्न व्हावयाचे होते; स्कूटर आली तेव्हा तिच्यावर पुढे उभे राहायला चिरंजीव तयार होते.

पण निंदाच करून थांबलो तर ते हिशेबनिसाला शोभणार नाही. त्याच वर्षी, १९५५ मध्ये, पेरांबूरचा रेल्वेडब्यांचा कारखाना सुरू झाला. १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साह्याने अड्यार नदीच्या परिसरात आय.आय.टी. उभी राहिली. गिंडी आणि अंबत्तूर येथे सरकारने लहान कारखानदारांसाठी औद्योगिक वसाहती काढल्या. पुढे १९९६ नंतर ह्युंदाईसारखी परदेशी कंपनी श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर इरुंगाट्टुकोट्टै येथे उतरली, ती काही ओसाड माळावर उतरली नाही. सुटे भाग घडविणारे हात आणि नकाशे वाचणारे डोळे येथे आधीच तयार होते. आवडीच्या काळात पेरलेले श्रीपेरुंबुदूरच्या काळात कापले गेले, असे म्हटल्यास ते दोन्ही पक्षांस रुचणार नाही. म्हणूनच ते बहुधा खरे असावे.

आवडीला उत्तरही याच शहराने दिले. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ऐंशी वर्षांचे असताना, १९५९ साली, स्वतंत्र पक्ष काढला आणि परमिट-लायसन्स राज्य हा शब्दप्रयोग रूढ केला. मुख्यमंत्री असताना १९५२ साली त्यांनी मद्रास राज्यातील धान्यावरील नियंत्रण एका फटक्यात उठवले होते, ते आजही जुने लोक सांगतात. परंतु इतिहास मोठा खट्याळ असतो. याच राजाजींनी १९३९ साली, दारूबंदीमुळे बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी, सर्वसाधारण विक्रीकर प्रथम मद्रास प्रांतात आणला. देशभर त्याचे अनुकरण झाले. आणि प्रत्येक प्रांताचा विक्रीकर वेगळा झाला म्हणजे प्रांताच्या सीमेवर ट्रक तपासणे आलेच. परवान्याचा शत्रू आणि नाक्याचा पूर्वज एकच.

आपल्या घटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त असेल असे म्हटले आहे. कलम कागदावर राहिले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर बसला. महाराष्ट्रात शहरोशहरी जकात होतीच. तमिळनाडू आणि केरळ यांच्या सीमेवरील वाळयारच्या नाक्यावर ट्रकांची जी रांग लागे ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे.

आणि येथे आम्हांस एका आपल्या माणसाची आठवण येते. तंजावरच्या मराठी मंडळींचा उल्लेख केल्याशिवाय आपल्या मंडळातले एकही भाषण पुरे होत नाही, आणि तो बहुधा सरस्वती महाल ग्रंथालयापाशी येऊन थांबतो. आम्ही आज वेगळ्या दाराने जाणार आहोत.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे, तंजावरच्या मराठी घराण्यात झाला. शिक्षण येथे मद्रासेत झाले. १८५७ च्या अखेरीस त्रावणकोर संस्थानचा कारभार त्यांच्या हाती आला तेव्हा वयाची तिशीही उलटली नव्हती. तिजोरी रिकामी, नोकरांचे पगार थकलेले, डोक्यावर कर्ज. आणि संस्थानाची अर्थव्यवस्था कशी होती? मिरीचा मक्ता सरकारचा. शेतकऱ्याने मिरी पिकवावी आणि सरकार ठरवील त्या भावाने सरकारलाच घालावी. दुसऱ्यास विकली तर तो गुन्हा. तंबाखूचा मक्ताही सरकारचा. सीमेवर चौक्या, चौक्यांवर पहारा, आणि पहाऱ्याच्या डोळ्यांदेखत चोरटा व्यापार. दिवाणांस ही व्यवस्था मोडावयाची होती. पण सरकारचे उत्पन्नही याच मक्त्यांतून येत होते. साम्यवादोत्तर देशांच्या अर्थमंत्र्यांपुढे जो पेच १९९० साली पडला, तो त्या तरुण दिवाणापुढे तेव्हाच उभा होता : ज्या फांदीवर बसलो आहोत ती तोडावयाची आणि पडावयाचेही नाही.

माधवरावांची रीत बाल्त्सेरोविचसारखी नव्हती. त्यांनी एक एक गाठ सोडवली. १८६० साली मिरीचा मक्ता उठवला आणि त्या जागी निर्गतीवर कर बसवला. पुढे तो करही कमी केला. तंबाखूचा मक्ता १८६३ साली उठवून आयातीवर कर ठेवला. त्याच वर्षापर्यंत संस्थान कर्जातून मुक्त झाले. आणि मग १८६५ साली ब्रिटिश हिंदुस्थान, त्रावणकोर आणि कोचीन यांच्यात व्यापारी करार झाला. त्याअन्वये संस्थानाने आपल्या बंदरांवर ब्रिटिश हिंदुस्थानचे दर स्वीकारले आणि परस्परांतील मालावरचे कर उठवले. संस्थानाचे उत्पन्न बुडेल त्याच्या भरपाईची हमीही त्यात होती. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ती सामाईक बाजारपेठ होती. तिचा दर एक होता, भोवतालची भिंत एक होती, आणि आत नाका नव्हता. युरोपात सहा राष्ट्रांनी आपसांतील जकाती पूर्णपणे उठवल्या त्या १९६८ साली. कुंभकोणमच्या मराठी घरात जन्मलेल्या दिवाणाच्या कारकिर्दीत हे त्याआधी एकशेतीन वर्षे घडले होते.

यात इंग्रजांचा स्वार्थ नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना आपला माल विकावयाचा होता. आणि माधवराव सर्वच बाबतींत पुढारलेले होते असेही नाही. पण हिशेब चोख होता. पुढे ते इंदूरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झाले. १८८७ साली राष्ट्रसभेचे अधिवेशन मद्रासेत भरले तेव्हा स्वागतसमितीचे अध्यक्ष तेच होते, आणि १८९१ साली मैलापूर येथे त्यांचा अंत झाला. त्रिवेंद्रममध्ये त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकालाच पुतळ्याचा चौक म्हणतात. मैलापुरात आपल्यापैकी कितीजण राहतात! आम्हीही बारा वर्षे राहिलो, आणि हे सारे आम्हांस निवृत्तीनंतर कळले.

आता सोन्याकडे येतो. आज या सभागृहात सौकारपेठेतील गलाई व्यावसायिक बंधू मोठ्या संख्येने आले आहेत, त्यांची क्षमा मागून. खानापूर, आटपाडी, विटा या सांगली जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त भागातून निघून या मंडळींनी जवळजवळ सर्व हिंदुस्थानात सोने-चांदी गाळण्याचा धंदा नेला, हे महाराष्ट्रातल्या पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसते. जेथे सराफकट्टा तेथे गल्लीत एक गलाईचे दुकान. तेथे मालक विट्याकडचा, कारागीर त्याच्याच गावचा, आणि भिंतीवर गावच्या देवाची तसबीर. त्यांनी कोणाच्या कराराची वाट पाहिली नाही. देशाची सामाईक बाजारपेठ कायद्याने होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ती पायांनी करून टाकली होती.

आमचे एक स्नेही त्यांपैकीच. त्यांचे वडील स्वातंत्र्याच्या सुमारास मद्रासेस आले. त्यांच्या दुकानात बसून आम्ही हा धंदा पाहिला आहे. मोडीचे सोने मुशीत घालावयाचे, टाकणखार टाकावयाचा, वितळवावयाचे. मग त्यात सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी मिसळावयाची, पातळ पत्रा करावयाचा आणि तेजाबात टाकावयाचा. तेजाब चांदी खाते, सोने तळाशी मातकट भुकटी होऊन राहते. ती धुऊन पुन्हा वितळवली की पिवळी लगड. तेजाबातली चांदीही वाया जात नाही. तांबे टाकले की ती पुन्हा खाली बसते. सराफाच्या पेढीवरची झाडलोटदेखील हे लोक विकत घेतात आणि मातीतून सोने काढतात. सोने शोधण्यापेक्षा गमावू न देण्यात या धंद्याची किमया आहे, असे स्नेही म्हणत. मात्र पिवळसर-तांबडा धूर छातीत जातो. त्यांच्या वडिलांना अखेरची दहा वर्षे दम्याने झोप नव्हती.

चीनच्या आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम काढला. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. मंगळसूत्र चौदा कॅरटचे! हजारो सोनार रस्त्यावर आले. काहींनी जीव दिला. चौदा कॅरटची अट १९६६ साली गेली, पण १९६८ च्या कायद्याने नियंत्रण राहिलेच. परवाना, नोंदवही, तपासणी. लगड जवळ बाळगणे सर्वसामान्य माणसास गुन्हा. स्नेह्यांचे वडील सांगत, त्या काळात दारावर थाप पडली की आधी भट्टीकडे पाहायचे आणि मग दाराकडे.

हा कायदा गेला १९९० साली, आणि तो रद्द करणारे अर्थमंत्री होते मधू दंडवते. जन्मभराचे समाजवादी, राजापूरचे खासदार, अंगावर साधा सदरा. ज्यांना कोणीच समाजवादी म्हटले नसते त्या मोरारजींनी सोन्याला बेड्या घातल्या, आणि समाजवादी दंडवत्यांनी त्या तोडल्या. पुस्तकांतून पक्षांचे जे रंग दाखवतात ते भट्टीत घातल्यावर असे बदलतात.

पुढचे वर्ष आपणा सर्वांस आठवते. २१ मे १९९१ ची ती भीषण रात्र, श्रीपेरुंबुदूर. बरोबर एक महिन्याने नरसिंह रावांचे सरकार आले. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले, रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी गेले, आणि २४ जुलैला एकाच दिवशी नवे औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प आला. बहुतेक उद्योगांचे परवाने संपले. सोने विमानाने गेले त्या दिवशीची गोष्ट स्नेही सांगतात : सौकारपेठेत भाव विचारायला कोणी येईना; जो तो एवढेच विचारी, "घरातले गहाण पडले का?"

आपल्याकडे पोलंडसारखी आकाशपाताळ उलथापालथ झाली नाही. किमती एका महिन्यात ऐंशी टक्के चढल्या नाहीत, गोद्या बंद पडल्या नाहीत. पण म्हणून आपली रीत सर्वस्वी शहाणपणाची होती असेही आम्ही म्हणणार नाही. जगाला उघडलेले दार आपण १९९१ साली उघडले आणि घरातली दारे आणखी सव्वीस वर्षे बंद ठेवली. कोरियाच्या गाडीचा कारखाना श्रीपेरुंबुदूरला आला. पण ती गाडी मुंबईत शिरताना दहिसरला, मुलुंडला, वाशीला जकात द्यावी लागे. आणि परदेशी पाहुणे आले तसे गेलेही. २००६ साली सुरू झालेला नोकियाचा फोनचा कारखाना २०१४ च्या नोव्हेंबरात बंद पडला, आणि फोर्डने मरैमलैनगरातील उत्पादन २०२२ साली थांबवले. त्या पगारांवर घरे घेतलेली मुले आपल्या मंडळातही होती. आज त्या परिसरात पुन्हा फोन जोडले जातात, हे सांगितले पाहिजे; पण ज्यांचा हप्ता थकला त्यांना ते सांगून काय उपयोग?

देशांतर्गत नाके उठवण्याच्या विचारामागे पुन्हा एक मराठी नाव आहे, विजय केळकर यांचे. त्यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने २००४ साली, आणि पुढे तेराव्या वित्त आयोगाने, वस्तू व सेवा कराचा आग्रह धरला. विरोध झाला, आणि तमिळनाडूने केलेला विरोध निरर्थक नव्हता. कर माल बनवणाऱ्या राज्यास न मिळता खपवणाऱ्या राज्यास मिळणार; मग ज्याने कारखाने उभारले त्याने काय करावे? महाराष्ट्रालाही हाच प्रश्न होता, शिवाय एकट्या मुंबई महापालिकेचे जकातीचे वार्षिक सुमारे सात हजार कोटी. अखेर राज्यांना पाच वर्षे भरपाईची हमी मिळाली आणि १ जुलै २०१७ पासून कर लागू झाला. मुंबईची जकात आदल्या मध्यरात्री संपली. माधवरावांच्या करारातील भरपाईचे कलम वाचताना आम्हांस हसू आले ते यामुळे. गोष्ट तीच, मोबदला तोच. मध्ये दीडशे वर्षे.

आता आमच्या स्नेह्यांचे काय झाले ते सांगतो, कारण त्यासाठीच एवढी प्रस्तावना केली. सुवर्ण नियंत्रण गेले, नाके गेले, धंदा मोकळा झाला. आणि त्याच मोकळ्या रस्त्याने मोठे शुद्धीकरण कारखानेही आले. पूर्वी टंच काढावयास कसोटी लागे, आणि कसोटीवरचा कस वाचणारी नजर लागे. ती नजर यायला दहा वर्षे जात. आता क्ष-किरणांचे यंत्र मिनिटभरात आकडा सांगते. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तमच, आमच्या सुनेचे दागिने आम्हीही हॉलमार्क पाहूनच घेतले. पण त्या दुकानातल्या भट्टीजवळचा कारागीर पाच माणसांवरून एकावर आला. विवरणपत्रे भरण्यास जो मुलगा ठेवला आहे त्याचा पगार त्या कारागिराहून अधिक आहे. स्नेह्यांचे चिरंजीव संगणकाच्या कंपनीत आहेत. "धूर नाही, तेवढे बरे झाले," स्नेही म्हणतात, आणि मग बराच वेळ काही बोलत नाहीत. आम्हांस त्यांना सांत्वनाचे सांगण्यासारखे काही सुचले नाही. बाजार मोकळा व्हावा अशी आमची आयुष्यभराची इच्छा, आणि तो मोकळा झाल्याचा चटका बसला तो नाके नसताना ज्यांनी वाट काढली त्यांनाच.

युरोपाने माल आधी मोकळा केला आणि माणूस मागून. आपण १९५० सालीच माणूस मोकळा केला. घटनेच्या १९ व्या कलमाने कोणाही नागरिकास कोठेही जाऊन राहण्याचा अधिकार दिला. माल मात्र २०१७ पर्यंत अडवून ठेवला. दोहोंपैकी कोणता क्रम बरा? हिशेबनीस म्हणून विचाराल तर माल आधी. माणूस म्हणून विचाराल तर, आपण सारे येथे बसलो आहोत.

तरीही आपला माणूस पूर्ण मोकळा होता असे समजू नये. परप्रांतातून आलेल्या मजुरास येथे स्वस्त धान्य मिळत नसे, कारण त्याची शिधापत्रिका गावची. देशभर एक शिधापत्रिका चालण्याच्या योजनेत तमिळनाडू २०२० च्या ऑक्टोबरात आला आणि २०२२ पर्यंत सारी राज्ये. आणि नाका केवळ सरकारच बांधते असेही नाही. १९६६ नंतर आपल्याच मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध जे वातावरण उठले, ते आम्ही मुंबईत नोकरी शोधत असताना पाहिले. नोकरी मिळाली ती १९७४ साली, मद्रासेस. येताना वडील म्हणाले होते, "तिकडे आपल्याबद्दल राग असेल, जपून राहा." पहिल्या महिन्यात घरमालकांनी गाव विचारले. आम्ही भीत भीत "बॉम्बे साइड" म्हणालो. ते म्हणाले, त्यांचा धाकटा भाऊ माटुंग्यास असतो, तेथे त्याचे बरे आहे ना? एवढेच. मग त्यांनी गाळलेली कॉफी पुढे केली. ती कॉफी घेताना आम्हांस जी शरम वाटली, ती या वयातही बोलून दाखवणे सोपे जात नाही.

आमचे बोलणे लांबले. एक विनंती करून रजा घेतो. या स्मरणिकेत मंडळाच्या अध्यक्षांची, नाटकांची, गणेशोत्सवांची यादी छापली जाणार आहे, ती उत्तम आहे. परंतु सौकारपेठेत कोणते गलाई कुटुंब कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणाचा हात धरून आले, पहिली मूस कोठे मांडली, १९६३ साली काय केले, याची नोंद कोठेही नाही. ज्यांना आठवते ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. कार्यकारिणीने दोन वह्या द्याव्यात. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही स्नेह्यांच्या दुकानापासून लिहावयास आरंभ करणार आहोत. तरुणांपैकी ज्यांचे मोडीसारखे गिचमिड अक्षर नाही अशा दोघांनी बरोबर यावे. दुकानात बसायला जागा कमी आहे, आणि त्या दिवशी भट्टी बंद असेल.